कागदावरचे अडीच लिटर

त्या दुपारी चारच्या ठोक्याला सगळं घराणं सात नंबरच्या खाटेभोवती जमलं, आणि सभेपुढे विषय एकच होता: नानांची लघवी.

या घराण्याने आजवर वाटण्यांवरून सभा भरवल्या होत्या, लग्नांवरून भरवल्या होत्या, एकदा तर एका इस्त्रीवरून दोन दिवस सभा चालली होती. पण लघवीवरची ही पहिलीच. नाना धड शुद्धीत असते तर त्यांनी एकेकाला वॉर्डाबाहेर पिटाळलं असतं. आठवड्यापूर्वी ते दुकानात स्टुलावर चढले आणि स्टुलापेक्षा आधी खाली आले. खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, खुबा नवा बसला, हाडांचे डॉक्टर स्वतःच्या कामावर बेहद्द खूष झाले. पाय सुधारला आणि माणूस बिघडला. गेल्या दोन दिवसांपासून नाना डोळे मिटून पडलेले, विचारलं एक तर सांगत दुसरंच. काल त्यांनी नर्सला दोन किलोचं वजन मागितलं होतं.

म्हणून आज किडनीच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. ठेंगण्या, चपळ, खिशाला तीन पेनं आणि चेहऱ्यावर जेवण राहून गेल्याची कळा.

"रक्तातला किडनीचा आकडा एकाचा साडेतीन झालाय," त्या म्हणाल्या. "किडन्यांनी काम जवळजवळ थांबवलंय."

"आमचे वडील पायासाठी आलेत," वन्संनी खुलासा केला. वन्सं म्हणजे नानांची सगळ्यांत मोठी मुलगी, निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्ती शाळेतून झाली होती, स्वभावातून नव्हे. "किडनीची आम्ही तक्रारच केली नव्हती."

"किडनी तक्रार करत नाही, हीच तिची खोड. दाखल झाले तेव्हा ठीक होती. इथे आल्यावर बिघडली. वय, ऑपरेशन, औषधं, पाणी कमी पडणं, सगळं मिळून होतं असं. वेळेत धरलं तर बहुतेक वेळा परत कामाला लागते."

"म्हणजे तुमच्याकडे बिघडली म्हणा की!"

"म्हणते ना. आमच्याकडेच बिघडली."

वन्संना कुणी असं भांडणाआधीच हरून दाखवत नसे. त्यांनी गोंधळून पर्स उघडली आणि मिटली.

डॉक्टरीणबाईंनी खाटेच्या पायथ्याला अडकवलेला कागद काढला. पाणी किती आत गेलं आणि लघवी किती बाहेर आली, याचा तो कागद. "सोनोग्राफीत कुठे तुंबलेलं दिसत नाही. मग प्रश्न असा आहे. हा कागद म्हणतो, रोज अडीच लिटर पितात आणि लघवी होते जेमतेम चारशे मिली. हे खरं असेल तर पाणी अंगात साठतंय. पायाला सूज आहे, छातीत थोडी घरघर आहे, तेही जुळतं. मग मला पाणी तोडायला हवं आणि लघवी काढणारं इंजेक्शन द्यायला हवं. पण जीभ बघा, नुसती वाळून गेलीय. जिभेचं ऐकलं तर माणूस सुकलाय. मग सलाइन जोरात हवं, आणि ते इंजेक्शन दिलं तर उरल्यासुरल्या किडन्यांचीही वाट लागेल. दोन्ही उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. हा कागद लिहितं कोण?"

"घरचेच लिहितात," नर्स म्हणाली. "माझ्याकडे बावीस पेशंट आहेत, मॅडम. आणि हे म्हणाले की आम्ही काटेवाले, तीन पिढ्या मापाचाच धंदा. म्हटलं, यांच्याइतकं चोख कोण लिहिणार?"

"चोख आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं.

"आमच्या घरात माप चुकत नाही," वन्संनी मान ताठ करून सांगितलं.

थोरल्या सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

तिच्या समोर खाटेच्या दुसऱ्या बाजूला धाकटी सून उभी होती. ती एकाएकी नानांच्या चादरीच्या सुरकुत्या काढण्यात गढून गेली. गेल्या अकरा वर्षांत तिने घरातल्या एकाही चादरीकडे इतक्या मायेने पाहिलं नव्हतं.

आता या घरात खोटं माप म्हणजे काय, हे थोरलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नानांचा धाकटा भाऊ एकेकाळी याच दुकानात बसायचा. एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर त्याने पारड्याखाली शिशाची एक गोळी चिकटवून दिली. वाटाण्याएवढी. नाना त्यानंतर एकतीस वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. शेवटच्या आजारात भेटायला गेले, तासभर शेजारी बसले, आणि न बोलता परत आले. चोरी केली असती तर चाललं असतं, ते म्हणायचे. काटा मारणं चालणार नाही.

अशा माणसाच्या हाताखाली थोरली चोवीस वर्षं काम शिकली होती. तिचा नवरा, म्हणजे नानांचा थोरला, वाचनालयात नोकरी करायचा. त्याला किलो आणि ग्रॅममधला फरक शब्दकोशात बघावा लागला असता. धाकट्याने दुकानाच्या दर्शनी भागात इलेक्ट्रॉनिक काटे विकायला ठेवले होते; मागच्या खोलीत तो फक्त चहाला यायचा. म्हणून एक दिवस नानांनी थोरलीलाच हाक मारून समोर एक मोडका तराजू ठेवला होता. आता दांडी कुठे अडते आहे हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. मागच्या खोलीत नानांच्या वडिलांपासून चालत आलेली पितळी वजनांची पेटी होती. बाकी सगळी वजनं तिच्यावरून तपासली जात. ती ज्याच्याकडे, त्याचं दुकान. ऑपरेशनला आत नेताना नाना म्हणाले होते, "पेटी कुणाला ते घरी आल्यावर सांगतो." आणि थोरलीकडे बघून पापणी किंचित हलवली होती. ती पापणी धाकट्यानेही पाहिली होती.

मग एवढी शहाणी बाई घसरली कशी? तर मार्कांपायी. वन्संनी पहिल्याच दिवशी फोनवर कुटुंबाचा ग्रुप काढला आणि रोज संध्याकाळी आठला हजेरी घ्यायला सुरुवात केली. 'दिवसपाळी, नाना किती पाणी प्याले? रात्रपाळी, किती?' दिवसपाळी थोरलीची, रात्रपाळी धाकटीची. पहिल्या दिवशी थोरलीने खरं ते लिहिलं, सहाशे. धाकटीचे साडेसातशे आले. वन्संनी लिहिलं, 'धाकटीने छान पाजलं. थोरली, लक्ष असू दे.' आणि धाकटीला शाबासकीचा एक अंगठा. चोवीस वर्षं घर ओढल्यावर तो अंगठा थोरलीला असा काही झोंबला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि नानांनी पाणी पिणंच सोडलं. दोन घोट घेत आणि पेला हाताने दूर सारत. थोरलीने पूर्ण पेला लिहिला. घोट गेलाय तर पेलाही जाईलच थोड्या वेळाने, असं स्वतःला सांगितलं. तिचे नऊशे झाले म्हणताना धाकटीचे हजार झाले. मग हिचे अकराशे, तिचे साडेअकराशे, पुढे हिचे बाराशे, तिचे तेराशे. चौथ्या दिवशी कागदावरचे नाना म्हशीसारखे पाणी पीत होते, आणि खाटेवरच्या नानांचं सलाइन हाडांच्या डॉक्टरांनी 'पेशंट उत्तम पितोय' असा शेरा मारून बंद केलं होतं. लघवीचा आकडा मात्र दोघींनी अगदी प्रामाणिकपणे लिहिला, कारण त्याला वन्संनी मार्क ठेवले नव्हते.

"वजन करा ना नानांचं!" धाकटा एकदम म्हणाला. "पाणी साठलं असेल तर वजन वाढलेलं असणार, सुकले असतील तर घटलेलं. सोपं आहे!"

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच या घराण्यातल्या कुणाकडे आदराने पाहिलं. "आधीचं वजन माहीत आहे?"

"नाना दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोठ्या काट्यावर उभे राहतात आणि भिंतीवर लिहून ठेवतात. या महिन्याला अठ्ठावन्न किलो चारशे. पडायच्या चार दिवस आधी."

"सिस्टर, आपला काटा?"

"तीन महिने बंद आहे, मॅडम."

"बंद?" धाकट्याच्या डोळ्यांत गिऱ्हाईक सापडल्याची चमक आली. बाप खाटेवर आहे हे आठवून ती त्याने विझवली. "मी दुकानातून खुर्चीचा काटा आणतो. पेशंटला नुसतं बसवायचं. तासाभरात येतो."

"तासभर थांबते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण श्वास वाढत चाललाय, त्याच्यापुढे थांबता येणार नाही. वजन नाही आलं तर मला कागदावरच जावं लागेल."

धाकटा पळाला. डॉक्टरीणबाई दुसऱ्या वॉर्डात गेल्या. थोरली पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने बाहेर नळाशी आली, तर मागोमाग धाकटी. तिच्या हातात तांब्याही नव्हता.

"वहिनी," धाकटी इकडेतिकडे बघत म्हणाली, "तुम्ही किती?"

"किती काय?"

"आता माझ्यासमोर तरी नको हो. किती वाढवले?"

थोरलीने नळ सोडला, म्हणजे आवाजात आवाज मिसळेल. "काल खरे दोनशे गेले. लिहिले बाराशे."

"अगं बाई!" धाकटीच्या चेहऱ्यावर चक्क सुटका झाल्यासारखं हसू आलं. "माझे दीडशे. मला वाटलं तुमचे खरेच जातायत. मी म्हटलं, यांना नाना पितात आणि मला बघून तोंड फिरवतात. दोन रात्री रडले मी त्यावर."

"आणि मला वाटलं तुझे खरे."

अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट नेमकी ही निघाली.

"डॉक्टरांना सांगायला हवं," थोरली म्हणाली.

"कशाला? काटा येतोय ना. वजन घटलेलं निघेल, डॉक्टर समजून जातील, कागद गेला खड्ड्यात. आपण कशाला तोंड घालायचं? तुमची पेटी जाईल वहिनी, आणि मला वन्सं जन्मभर सोडायच्या नाहीत. तुम्हीही गप्प, मीही गप्प."

थोरलीला ते पटलं. इतक्या चटकन पटलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. काटा खरं सांगणारच होता. काट्याच्या आधी माणसाने बोललंच पाहिजे असं कुठे आहे? तिने नळ बंद केला, तांब्या भरला नव्हता तो तसाच उचलला आणि आत गेली.

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. थोरला बापाच्या पायाशी बसून एकच बातमी तिसऱ्यांदा वाचत होता. वन्सं फोनवर कुठल्या नातेवाइकांना कळवायचं याची यादी करत होत्या, आणि ती यादी कशासाठी हे कुणी विचारत नव्हतं. नानांचा श्वास भराभर चालला होता. थोरली त्यांच्या जिभेकडे बघायचं टाळत होती.

फोन वाजला. धाकटा.

"काटा मागच्या खोलीत आहे," तो धापा टाकत म्हणाला. "खोलीला कुलूप आहे. किल्ली कुठाय?"

थोरलीने नानांच्या उशीखाली हात घातला. किल्ली तिथेच होती. ऑपरेशनलासुद्धा ती त्यांनी कमरेला बांधून न्यायचा हट्ट धरला होता. "इथे आहे," ती म्हणाली.

"तिथे? बरं, मग कुलूप तोडतो."

"ते नानांनी स्वतः बसवलेलं कुलूप आहे. तुटायचं नाही."

"बघतो," धाकटा म्हणाला, आणि फोनमधून हातोडीचा आवाज यायला लागला.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर आला. "वजन झालं? नाही? मॅडम तिकडे एका अर्जंट पेशंटमध्ये अडकल्यात. फोनवर म्हणाल्या, आता थांबू नका, वजन नसेल तर कागदाप्रमाणे जा. सिस्टर, पाणी बंद. लघवीचं इंजेक्शन भरा."

नर्सने कुपी फोडली. सुई आत गेली, औषध वर चढलं. थोरली ते बघत होती. समोर धाकटीने मान किंचित हलवली: नको. फोनमधून अजून ठोके ऐकू येत होते, कारण तो बंद करायचा राहूनच गेला होता. नर्सने नानांचा हात उताणा केला. त्या हाताने थोरलीला पहिल्यांदा पारडं कसं धरायचं ते दाखवलं होतं.

"थांबा," थोरली म्हणाली. "कागद खोटा आहे."

नर्स थांबली. थोरल्याने वर्तमानपत्र खाली केलं.

"काय बोलतेस?" वन्सं म्हणाल्या.

"मी काटा मारलाय, वन्सं. नाना पाणी पीत नाहीयेत. पहिला दिवस सोडला तर माझा एकही आकडा खरा नाही. बुधवारी खरे तीनशे दहा गेले, लिहिले नऊशे. गुरुवारी दोनशे साठ, शुक्रवारी दोनशे, काल दोनशे. आज सकाळपासून चाळीस." एकेक खरा आकडा तिच्या डोक्यात होता. मापाचा हात, खोटं लिहितानाही त्याने खरं मोजून ठेवलं होतं. "ते सुकलेत. इंजेक्शन देऊ नका."

तरुण डॉक्टर फोन काढत बाहेर धावला. धाकटी चादर सोडून सरळ उभी राहिली.

"माझेही खोटे आहेत," ती म्हणाली. "वहिनींपेक्षा दर वेळी पन्नास-शंभर जास्त."

"दोघींनी?" वन्सं किंचाळल्या. "अगं, लाज नाही वाटली? आजारी माणसाच्या पाण्यात चढाओढ?"

"चढाओढ कुणी लावली?" धाकटीचा बांध फुटला. "रोज आठला मार्क कोण देत होतं? अंगठे कोण दाखवत होतं? शाळा सुटली वन्सं तुमची, आम्हाला कशाला वर्गात बसवलंत?"

वन्सं स्टुलावर बसल्या. मुख्याध्यापिकेला स्वतःच्या खोलीबाहेर उभं केल्यावर दिसेल तशा दिसत होत्या.

"आता निघालाच आहे विषय," थोरला घसा खाकरून म्हणाला, "तर मी त्यांना गोळ्या देत होतो."

"कसल्या?"

"गुडघ्याच्या. घरच्या डब्यातल्या, लाल. नाना कण्हत होते, मला बघवेना. रोज दोन. पुस्तकात लपवून आणायचो."

"कुठल्या पुस्तकात?" थोरलीने विचारलं. अशा वेळी माणूस काय विचारेल नेम नाही.

"वाचनालयाच्या," थोरला म्हणाला, आणि मग त्याचं नाक लाल झालं. तो वडिलांच्या पावलावर हात ठेवून पोरासारखा रडायला लागला.

डॉक्टरीणबाई धावतच आल्या. गोळ्यांचं ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "ह्या दुखण्याच्या गोळ्या सुकलेल्या माणसाच्या किडनीला सगळ्यांत वाईट. किती दिवस? पाच? आज दिली? ठीक आहे, आता बंद. ब्लडप्रेशरचीही तूर्त बंद. सिस्टर, सलाइन लावा, आणि नळी परत घाला, लघवी तासातासाला मला कळली पाहिजे. कागद आजपासून तुमच्याकडे, यांच्याकडे नाही." मग थोरलीकडे वळल्या. "ते आकडे परत सांगा. सावकाश."

थोरलीने सांगितले. त्यांनी लिहून घेतले. "तासापूर्वी मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो," थोरली म्हणाली. "तेव्हा हिंमत झाली नाही."

"इंजेक्शनच्या आधी झाली, हे नशीब. अठ्ठेचाळीस तास बघू. लघवी वाढली नाही तर मशीनवर रक्त धुवावं लागेल. आणि या वयात ते सोपं नसतं, हे तुम्हाला खोटं सांगत नाही."

सलाइन सुरू झालं. थोरलीने नानांकडे पाहिलं. त्यांचा एक डोळा उघडा होता. तो थेट तिच्यावर रोखलेला होता, आणि त्यात गुंगी नव्हती. म्हणजे ऐकलं होतं. मग तो मिटला. पेटी गेली, ती मनाशी म्हणाली, आणि तिला नवल वाटलं की आत्ता या घटकेला तिला पेटीचं एवढंसंही वाटत नव्हतं. एकतीस वर्षांचा अबोला धरायला तरी हा माणूस उठू दे, एवढंच वाटत होतं.

पुढच्या अर्ध्या तासाने धाकटा घामाने निथळत आला. कुलूप शाबूत होतं. त्याने दाराच्या बिजागऱ्या काढल्या होत्या. खुर्चीचा काटा खाटेशी लावला, तिघांनी नानांना अलगद बसवलं. "पंचावन्न किलो शंभर!" धाकटा ओरडला. "तीन किलो तीनशे कमी! म्हणजे सुकलेत! बघितलंत, काटा कसा बोलला!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "आधीच बोलून झालंय," धाकटी त्याला म्हणाली. "तू बस."

मग दोन दिवस त्या घराण्याने एका प्लॅस्टिकच्या पिशवीकडे बघण्यात घालवले. नळी तिच्यात उतरत होती. पहिल्या दिवशी तिच्यात गडद चहासारखं थोडंसं पडलं. थोरला दर दहा मिनिटांनी वाकून बघायचा. वन्सं ग्रुपमधून स्वतःच बाहेर पडल्या आणि कुणी विचारलं तर 'चुकून झालं' म्हणाल्या. आपापसात बोलणं होई ते डब्यांचं, पाळ्यांचं, फार तर संध्याकाळच्या रक्ततपासणीचं. नानांबद्दल उद्याच्या पुढचं वाक्य कुणीही तोंडातून काढत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवीत रंग उतरला. तिसऱ्या दिवशी नर्सने पिशवी रिकामी करताना सांगितलं, "चोवीस तासांत चौदाशे," तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी बाप्याने बसल्या जागेवरून अभिनंदन केलं. थोरल्याने त्याला मिठी मारली. रक्ताचा आकडा साडेतीनवरून अडीचवर आला होता.

त्या दुपारी नानांनी डोळे उघडले आणि उघडेच ठेवले.

"एवढे सगळे का जमलात?" त्यांनी विचारलं.

थोरल्याने पिशवीवर हळूच चादर ओढली.

"माझी लघवी बघायला?"

"हो, नाना," वन्सं म्हणाल्या. खरं बोलण्याची आता घरात साथच आली होती. "पण तुम्ही पाणी का हो पीत नव्हतात?"

नानांनी नजर छताकडे वळवली. "पाणी आत गेलं की बाहेर येतं. नळी काढलेली. बाहेर यायचं म्हणजे भांडं आलं. भांडं कोण धरणार? सुना. ज्यांच्यासमोर मी कधी बनियनवर बसलो नाही, त्यांच्यासमोर..." पुढचं त्यांनी गिळलं. "त्यापेक्षा तहान बरी वाटली."

"मला सांगायचं ना," थोरला म्हणाला.

"तू यायचास तो गोळ्या देऊन पळायचास. भांडं मागायला वेळ कुठे दिलास?"

धाकटी फिस्सकन हसली, मग वन्संही. थोरली हसली नाही. तिला ठाऊक होतं, आता आपली पाळी.

"सूनबाई, पुढे ये."

ती पुढे गेली.

"काटा मारलास."

"हो, नाना."

"किती?"

"दिवसाला हजारापर्यंत."

"माझ्या भावाने पाच ग्रॅम मारला होता," नाना म्हणाले. "तो मेला तरी मी त्याच्याशी बोललो नाही."

"ठाऊक आहे."

"तुझ्याशी बोलतोय." ते दम घ्यायला थांबले. "तो पकडला गेला होता. तू स्वतः बोललीस. पण पेटी तुला मिळायची नाही."

खाटेच्या पलीकडे धाकट्याचा चेहरा उजळला.

"तुलाही नाही," नाना त्याच्याकडे न बघता म्हणाले. "माझ्या दाराच्या बिजागऱ्या आधी बसव. आणि सूनबाई, तू ऐक. तुझं सगळं शिक्षण रद्द. घरी गेलो की पहिल्या धड्यापासून सुरुवात. रोज माझ्या शेजारी बसायचं, रोज एक काटा उघडायचा, पुसायचा, जोडायचा, मी तपासणार. आवाजावरून ओळखलं वगैरे चालणार नाही. एक वर्ष. वर्षाने बघू पेटीचं."

थोरलीने 'बरं' म्हणायला तोंड उघडलं आणि तिला हुंदकाच आला. ती वळली, वॉर्डाबाहेर गेली आणि नळाशी उभी राहून मनसोक्त रडली. मागोमाग धाकटी आली, या वेळी हातात रुमाल घेऊन.

"वहिनी, नका ना मनाला लावून घेऊ," धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "म्हातारं माणूस आहे, बोलतं काहीही. आणि वर्ष ते काय हो, बघता बघता निघून जाईल."

"बघता बघता कशाला?" थोरली डोळे पुसत म्हणाली. "चांगलं सावकाश जाऊ दे की."